गुरुजनांचा दोष पाहावा काय?

आषाढी पौर्णिमेला आपल्या मंदिरात व्यासपूजन होते, त्यानंतर प्रवचन होते आणि तीर्थप्रसाद घेऊन मंडळी घरोघर परततात. त्या दिवशी वक्ते गुरुमहिमा सांगतात. तो सांगावयास हवाच. ज्या समाजाला आपल्या शिक्षकांची आठवण उरत नाही, तो समाज लवकरच नुसता बाजार बनतो, असे आम्हालाही वाटते. तथापि गेली कित्येक वर्षे ती प्रवचने ऐकत असताना एक प्रश्न आमच्या मनात घोळत असतो, आणि तो सभेत उघडपणे विचारण्याचे धैर्य आम्हाला कधी झाले नाही. म्हणून या पत्रिकेच्या पानांचा आश्रय घेत आहोत. प्रश्न असा: ज्या गुरूने आपल्याला घडविले, त्याच गुरूच्या हातून दुसऱ्या एखाद्यावर अन्याय झालेला आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल, तर त्या गुरूचे स्मरण कसे करावे?

व्यासपीठावरून शिक्षकांची थोरवी सांगताना साने गुरुजींचे नाव हटकून निघते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून १९३० पर्यंत ते शिक्षक होते; वसतिगृहातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने सेवा केली; पुढे १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. अशा पुरुषाच्या स्मरणात आमच्या प्रश्नाला जागाच नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षक साने गुरुजी नव्हते. ते पगारावर घर चालविणारे, वरिष्ठांना भिणारे, कधी रागावणारे, कधी थकणारे संसारी गृहस्थ होते. आमचे गुरुजी असेच होते. आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत. शाळेचे आणि त्यांचे नाव मात्र मुद्दाम देत नाही.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही गोष्ट आपल्यातील वृद्ध मंडळी अजूनही अभिमानाने सांगतात. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. पण शाळांच्या भिंती, बाके आणि रिवाज एकदम बदलत नाहीत. आम्ही शिकत होतो तेव्हा आमच्या मराठी शाळेत दौलत म्हणाल ती एवढीच होती: एक फळा, तक्तपोस, महाराजांची तसबीर, आणि गुरुजी. काळी टोपी, धोतर, गळाबंद कोट, आणि बारा महिने हाती छत्री. कोटाच्या कोपरावर घरीच लावलेले ठिगळ होते, आणि फळ्यावर लिहिताना हात वर गेला की ते दिसे. मुले त्यावर हसत. आम्हीही हसलो आहोत.

ते गणित आणि मराठी शिकवीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे आमच्याकडून घोकून घेत. आजच्या मुलांना ही नावे सांगितली तर ती मिठायांची वाटतील! १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि आणे-पैचा हिशेब मागे पडला, तेव्हा हे अपूर्णांकांचे पाढेही हळूहळू विसरले गेले. गुरुजींची एक रीत मात्र आम्ही इतरत्र कोठे पाहिली नाही. वहीतील चुकलेल्या गणितावर ते फुली मारीत नसत. ज्या पायरीवर चूक असेल तिच्या बाजूला पेन्सिलीने एक बारीक टिंब देत आणि वही परत करीत. चूक कोणती, ती ज्याची त्याने शोधावयाची. टिंब पुसण्याचा अधिकारही त्याचाच. याला जोडून ते नाथांची गोष्ट सांगत: जनार्दनस्वामींनी देवगिरीवर नाथांना हिशेब तपासावयास सांगितले, एका पैची तूट येत होती, नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि पहाटे चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. ही कथा आम्ही त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही. सांगताना टाळीच्या जागी ते खरोखरच टाळी वाजवीत, आणि हाताचा खडू उडे.

आमचे वडील आम्ही नऊ वर्षांचे असताना वारले. आई दांडिया बाजारातील दोन घरी स्वयंपाकाचे काम करू लागली. चौथीनंतर मुलाला कोठेतरी चिकटवावा, असे नातलगांचे मत पडले. गुरुजी घरी आले, ओट्यावरच बसले, पाणीसुद्धा घेतले नाही, आणि आईला म्हणाले, “वहिनी, या मुलाला शाळेतून काढू नका. त्याचे मी पाहतो.” त्यांनी पाहिले. दररोज सायंकाळी आपल्या घरी बसवून त्यांनी आमचे गणित पक्के केले, आणि हायस्कुलात नाव घालावयाची वेळ आली तेव्हा प्रवेशाची फी त्यांनीच भरली. ही रक्कम त्यांनी कोठून आणली असेल, याचा विचार आम्ही स्वतः घरखर्चाची वही लिहू लागलो तेव्हा प्रथम केला. पुढे आमचे जे काही झाले ते त्या ओट्यावर ठरले. हे कर्ज आहे, आणि ते आम्ही फेडलेले नाही.

आता दुसरी बाजू.

१९५६ च्या जानेवारीत शाळेची तपासणी ठरली. तपासणी म्हणजे काय प्रकार असे, हे आजच्या वाचकांस सांगितले पाहिजे. दिपोटीसाहेब येत, वर्गात खुर्ची टाकून बसत, वाटेल त्या मुलाला उभे करून वाटेल तो प्रश्न विचारीत, आणि जाताना शेराबुकात चार ओळी लिहीत. त्या चार ओळींवर शिक्षकाची बढती, बदली आणि झोप अवलंबून असे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात खासगी शाळांचे अनुदानसुद्धा मुलांच्या परीक्षेच्या निकालावर बेतलेले असे; ती पद्धत गेली तरी तिचे भय शिक्षकांच्या अंगातून गेले नव्हते. त्यामुळे तपासणीच्या दिवशी कच्ची मुले घरी ठेवण्याचा एक मूक रिवाज अनेक शाळांत होता. कोणी त्याची वाच्यता करीत नसे, आणि सर्वांना तो ठाऊक असे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो तोतरा होता. वर्गासोबत पाढे म्हणताना तो कोठेही अडत नसे, उलट सर्वांत पुढे असे. पण एकट्याला उभे करून काही विचारले की पहिल्याच अक्षरावर त्याची जीभ चिकटे, मान ताठ होई, डोळे मिटत, आणि वर्ग हसू लागे. त्याचे वडील एका लाकडाच्या वखारीत करवत ओढीत. मुलगा कच्चा नव्हता. त्याला उत्तर येत असे, सांगता येत नसे. गुरुजींना हे पुरते माहीत होते. त्याच्या वहीत टिंबे फार थोडी असत.

तपासणीच्या आदल्या सायंकाळी गुरुजींनी आम्हाला बाजूला घेतले आणि त्या मुलाच्या घरी निरोप देण्यास सांगितले: उद्या त्याने शाळेत येऊ नये. आम्ही वर्गाचे मॉनिटर होतो. सुरसागराच्या काठाने धावत गेलो, निरोप दिला, धावत परत आलो. दुसऱ्या दिवशी तपासणी उत्तम झाली. दिपोटीसाहेबांनी आम्हाला तीन प्रश्न विचारले, तिन्ही उत्तरे बरोबर आली, त्यांनी आमची पाठ थोपटली. हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे ‘गैरहजर’ अशी खूण झाली. ती खोटी म्हणता येणार नाही; तो गैरहजर होताच.

तो दिवस त्याने घरी बसून काय करावे? वडिलांनी त्याला वखारीवर नेले. सायंकाळी मालकाने त्याच्या हातावर चार आणे ठेवले. पुढच्या आठवड्यात तो दोन दिवस वखारीवर गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात चार दिवस, आणि होळीनंतर शाळेत दिसलाच नाही. एका दिवसाच्या गैरहजेरीमुळे शाळा सुटली असे म्हणणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल. गरिबीचा ओढा मोठा असतो, आणि तो आज ना उद्या वाहून गेलाच असता, असे कोणी म्हणेल. आम्हीही पुष्कळ वर्षे स्वतःला हेच सांगितले. पण ज्या गुरुजींनी आमच्या ओट्यावर येऊन वाहत्या पाण्यात हात घातला, त्यांनीच दुसऱ्या एकाला काठावरून हलकेच लोटले, ही गोष्ट त्या समजुतीने पुसली जात नाही. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ज्या महाराजांनी केला, त्यांच्या तसबिरीखाली हे झाले.

आता प्रश्नाकडे वळू. आपल्या परंपरेत याचे उत्तर काय आहे? प्रथम तोंडावर येणारे उत्तर असे, की गुरूचा दोष पाहणे हेच पाप. पण हे उत्तर परंपरेचे आहे काय, याविषयी आम्हाला शंका आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत विद्या पूर्ण झालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. आई, वडील, आचार्य आणि अतिथी यांना देव मानण्यास सांगणारा प्रसिद्ध उपदेश तेथलाच. परंतु त्याच उपदेशात, दोन पावले पुढे, आचार्य शिष्याला सांगतात की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू अंगीकार, इतर नकोत. हे वाक्य प्रवचनात क्वचितच ऐकू येते. ते उच्चारणारा स्वतः आचार्य आहे हे लक्षात घ्यावे. आपल्या आचरणात ‘इतर’ असे काही आहे, हे तो शिष्यासमोर कबूल करतो, आणि निवड करण्याचे ओझे शिष्याच्या डोक्यावर ठेवतो. निवड करावयाची तर दोष दिसला पाहिजे. डोळे मिटून बसलेल्या शिष्याला ही आज्ञा पाळताच येणार नाही.

भारतात उद्योगपर्वात अंबेच्या प्रकरणी भीष्मांना आपल्या गुरूशी, परशुरामांशी, युद्ध करावे लागले. कार्य आणि अकार्य यांचा विवेक सोडून भलत्या मार्गाने जाणाऱ्या गुरूचाही त्याग करता येतो, असे प्राचीन वचन भीष्म तेथे सांगतात. तरीही शस्त्र उचलण्यापूर्वी ते रथातून उतरून गुरूंच्या पायावर डोके ठेवतात आणि आशीर्वाद मागतात. विरोध आणि वंदन या दोहोंना एकाच दिवशी एकाच मनात जागा असू शकते, हे व्यासांना मान्य होते. आपल्याला ते अवघड जाते. आपल्याला माणूस एक तर देव्हाऱ्यात हवा, नाही तर उकिरड्यावर.

अलीकडच्या काळातले, आणि आपल्या जवळच्याच राजकोटचे, उदाहरण गांधीजींचे आहे. ज्या हायस्कुलात ते शिकले, त्याला पुढे आल्फ्रेड हायस्कूल हे नाव मिळाले. ती शाळा २०१७ साली बंद होऊन २०१८ पासून तेथे संग्रहालय झाले आहे. हायस्कुलाच्या पहिल्याच वर्षी जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर तपासणीस आले आणि त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहावयास घातले. त्यांतील ‘केटल’ हा शब्द मोहनदासाने चुकीचा लिहिला. शिक्षकाने बुटाच्या टोकाने खुणावून शेजारच्या पाटीवर पाहून दुरुस्त करण्यास सुचविले. मुलाला ते उमगलेच नाही. शिक्षक येथे उभे आहेत ते आम्ही नक्कल करू नये म्हणून, अशी त्याची समजूत. परिणाम असा, की वर्गात सर्वांचे पाचही शब्द बरोबर आले आणि एकटा मोहनदास मूर्ख ठरला. शिक्षकाने मागाहून त्याला त्याचा मूर्खपणा समजावून सांगितला. उपयोग झाला नाही.

ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या शेपटाकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. गांधीजी पुढे लिहितात की या प्रसंगाने शिक्षकाविषयीचा आपला आदर यत्किंचितही कमी झाला नाही. पुढे त्या शिक्षकाचे इतरही दोष कळले, तरी आदर तसाच राहिला. कारण वडीलधाऱ्यांची आज्ञा पाळावी, त्यांच्या कृत्यांची छाननी करू नये, हे आपण शिकलो होतो. येथे आम्हाला थांबावेसे वाटते. आज्ञा पाळावी असे ते म्हणतात, पण ती एक सूचना तर त्यांच्याकडून पाळली गेली नाही, आणि समजावून सांगितल्यावरही नक्कल करण्याची विद्या त्यांना आली नाही. छाननी करू नये असे म्हणतात, आणि आत्मकथेत तो प्रसंग सगळ्या जगापुढे मांडतात. यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. आमच्या मते त्या विसंगतीतच त्यांचे शहाणपण आहे. आदर वेगळा, अनुकरण वेगळे. आणखी एक गोष्ट: पर्शियनच्या सोप्या वर्गाकडे वळलेल्या मुलाला परत संस्कृतकडे आणणाऱ्या कृष्णशंकर मास्तरांचे नाव ते कृतज्ञतेने लिहितात, बुटाने खुणावणाऱ्या शिक्षकाचे नाव लिहीत नाहीत. दोष सांगितला, माणूस झाकला. आम्हीही वर नाव दिले नाही, ते या धड्यावरून.

इतके झाल्यावर प्रश्न सुटला असे वाटावे. आम्हाला तो सुटल्यासारखा वाटत नाही, आणि त्याचे कारण एका ठिकाणी आहे. गांधीजींच्या बाबतीत शिक्षकाच्या चुकीचे नुकसान झाले ते त्यांचे स्वतःचे. आपले नुकसान आपण माफ करावे. त्यात मोठेपणा आहे. पण आमच्या गुरुजींच्या चुकीचे नुकसान दुसऱ्याचे झाले, आणि लाभ आमचा. पाठ आमची थोपटली गेली. मग “गुरुजींचे काय एवढे मोठे चुकले, काळच तसा होता” असे आम्ही म्हणतो, तेव्हा क्षमा कोण कोणाला करीत आहे? दुसऱ्याच्या खिशातील पैशांनी दानधर्म करण्यासारखेच ते आहे. ज्याच्यावर उपकार झाले त्याची साक्ष न्यायासनासमोर फार जपून घ्यावी लागते, कारण कृतज्ञता हीसुद्धा एक प्रकारची लाच होऊ शकते. हे वाक्य लिहिताना आम्हाला गुरुजींची मुद्रा आठवते आणि हात थोडा थांबतो; पण ते खरे आहे असे वाटते.

एकलव्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना कोणी द्रोणांच्या निष्ठुरपणाचा विचार करतो, कोणी एकलव्याच्या भक्तीचा. तिसऱ्याकडे कोणी पाहत नाही. अरण्यात एकलव्याचे कौशल्य पाहून आल्यावर द्रोणांना त्यांच्या वचनाची आठवण करून देणारा अर्जुन होता. मजहून श्रेष्ठ धनुर्धर कोणी होणार नाही असे आपण म्हणाला होता, मग हा कोण, असे त्यानेच विचारले. अंगठा तुटल्यावर अर्जुनाच्या मनाचा ताप गेला आणि तो प्रसन्न झाला, असे आदिपर्व स्पष्ट सांगते. व्यास काही लपवीत नाहीत. अर्जुनाने पुढे आयुष्यभर द्रोणांचा आदर केला, करणारच. त्याच्या आदराला आपण गुरुभक्ती म्हणतो. एकलव्याच्या आदरालाही गुरुभक्तीच म्हणतो. एकाच शब्दात या दोन वस्तू मावतात काय?

वाचकांनी क्षमा करावी, आम्ही भारतात शिरलो की लवकर बाहेर येत नाही. पुन्हा बडोद्यात येतो.

१९७९ साली आम्ही गुरुजींना भेटावयास गेलो. तोवर आमची नोकरी मार्गी लागली होती, आणि एका सभेत झालेला सत्कार ताजा होता. शाल, श्रीफळ, पेढे असा सगळा सरंजाम घेतला होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाजावरून त्यांनी ओळखले. शाल अंगावर घेतली, पेढ्याचा कण तोंडात टाकला. मग एकदम त्या मुलाचे नाव घेऊन त्यांनी विचारले, “त्याच्याकडे कधी गेला होतास काय रे?” आम्ही नाही म्हणालो. तेवीस वर्षांत आमच्या मनात ते आले नव्हते, असे नव्हे. पण गेलो नव्हतो. गुरुजी म्हणाले, “तुझ्याच हाती निरोप धाडला होता मी.” एवढेच. पुढे ते आमच्या मुलाबाळांची चौकशी करू लागले. घरी परतताना वाटले की आपल्या वहीत एका पायरीच्या बाजूला बारीक टिंब पडले आहे.

टिंब पडल्यावरही आम्ही लगेच उठलो नाही. नाथ रात्रभर बसले. आम्ही पाच वर्षे घेतली. १९८२ साली गुरुजी वारले, तेव्हा आम्ही गावाला होतो आणि अंत्यविधीस पोहोचलो नाही. १९८४ साली आपल्या मंदिराच्या सभामंडपाच्या तुळया बदलावयाच्या निघाल्या आणि लाकूड खरेदीचे काम समितीने आमच्यावर सोपविले. एका सभासदाने एका वखारीचे नाव सुचविले. माल चोख, माप चोख, म्हणाले. गेलो तो गादीवर तोच बसलेला. वखार आता त्याची होती. केस पिकले होते, पण मान ताठ करून डोळे मिटण्याची लकब तीच. आम्हाला ओळखल्यावर नाव घेण्यास त्याला बराच वेळ लागला.

चहा आला. आम्ही, ज्या कामासाठी खरे तर पंचवीस वर्षांपूर्वी यावयास हवे होते, ते काढले. त्या तपासणीचे. गुरुजींनी तुझ्यावर अन्याय केला, आणि ते त्यांना शेवटपर्यंत सलत होते, असे काहीसे बोललो. तो हसला. त्याने जे सांगितले ते त्याच्या अडखळण्यासह लिहिणे बरे नव्हे, सरळ लिहितो. गुरुजी होळीनंतर त्याच्या घरी आले होते. एकदा नव्हे, तीनदा. मुलाला पाठवा म्हणून त्यांनी वडिलांची मनधरणी केली होती. वडील पाठवावयास तयार झाले होते. “मीच गेलो नाही,” तो म्हणाला.

का, असे आम्ही विचारले.

“गुरुजींनी येऊ नको म्हटले, त्याचे मला काही वाटले नव्हते. मला साहेबासमोर उभे राहावयाचे नव्हतेच. उलट सुटलो असे वाटले. पण निरोप देऊन झाल्यावर तू दारातून वळून म्हणालास, तुझ्यामुळे आमच्या वर्गाची अब्रू जाते. मागे माझी आई उभी होती.”

संपादकीय रिवाजाप्रमाणे आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणत आलो आहोत. त्या दारात उभा असलेला मुलगा मात्र एकटाच होता. हे वाक्य आपण उच्चारल्याचे आम्हाला आठवत नाही. त्या दिवशी कोणत्या तीन प्रश्नांना उत्तरे दिली ते आठवते, दिपोटीसाहेबांच्या अंगठीतील खडा आठवतो, धावताना सुरसागरावरून येणारा गार वारा आठवतो. ते वाक्य आठवत नाही. गुरुजींनी ते सांगितलेले नव्हते, एवढे खात्रीने सांगू शकतो. तो म्हणतो म्हणजे म्हटले असणार. त्याला खोटे बोलण्याचे कारण नाही, आणि दहा वर्षांच्या त्या मॉनिटरला आम्ही जितके ओळखतो तितक्यावरून ते वाक्य त्याला शोभणारेच होते.

आम्ही काहीतरी पुटपुटलो. त्याने हात हलवून विषय थांबविला. अरे, पोरे होतो आपण, म्हणाला. मग त्याने विचारले, “गुरुजी गेले तेव्हा तू नव्हतास ना?” आम्ही नाही म्हणालो. “लाकडे येथूनच गेली,” तो म्हणाला. “पैसे घेतले नाहीत. त्यांच्या थोरल्याने खूप आग्रह केला. मी म्हटले, माझी फी समजा.”

आणि तो उठून आम्हाला मागच्या बाजूस घेऊन गेला. वलसाडी सागाचे ओंडके रचून ठेवले होते. सभामंडपाच्या तुळयांची लांबी, रुंदी, जाडी आम्ही कागदावरून वाचून दाखवू लागलो, आणि तो तोंडाने घनफुटांचा हिशेब करू लागला. अडीचकी, औटकी, दिडकी, पाढ्यांच्या त्याच जुन्या चालीवर, डोके किंचित डोलवीत, एका अक्षरावरही न अडता. मुनीम जेवावयास गेला होता. त्याने पेन्सिल आणि वही आमच्या हाती दिली, आणि तो सांगत गेला तसे आकडे आम्ही लिहून घेत गेलो. पाचव्या तुळईपाशी तो थांबला, वहीत डोकावला आणि म्हणाला, “एक आकडा चुकलास. पुन्हा बघ.”